बागेतल्या शंका : सायकस

पावसाळा तोंडावर आला की सायकसबद्दलच्या पत्रांचा ढीग वाढतो. बहुतेक झाडांना याच सुमारास नवी पालवी फुटते आणि जे काही बिघडलेले असते ते तेव्हाच डोळ्यांना दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती प्रत्येक उत्तरात सांगावी लागणार नाही. सायकस हा पाम नाही. नर्सरीवाले काहीही म्हणोत, ते फुले न येणारे, उघड्या बीजाचे झाड आहे. खोड वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढते आणि पाने एकेक न येता एकदम घेराने येतात. त्यामुळे आज केलेल्या उपायाचा गुण आजच्या पानांवर दिसत नाही, पुढच्या घेरावर दिसतो.

प्रश्न : आमच्या अंगणातल्या सायकसला मधोमध सुंदर पोपटी पालवी येते, चार-पाच दिवस टिकते आणि आठवडाभरात नुसत्या काड्या उरतात. किडा दिसत नाही, मुंग्या मात्र भरपूर आहेत. मुंग्यांची पावडर टाकून झाली, उपयोग नाही. (नाशिक)

उत्तर : मुंग्या पाने खात नाहीत, त्या खाणाऱ्याची राखण करतात. खाणारी अळी प्लेन्स क्युपिड नावाच्या छोट्या निळसर फुलपाखराची आहे; त्याच्या शास्त्रीय नावात 'पांडव' आहे. मादी नेमकी वेळ साधते. पालवी गाभ्यातून बाहेर पडत असते, पर्णिका अजून गुंडाळलेल्या असतात, तेव्हाच ती त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान पांढुरकी अंडी घालते. अळ्या हिरव्या किंवा तांबूस, सेंटिमीटरभर लांब, पालवीच्या रंगात मिसळून जाणाऱ्या. त्या अंगातून गोड द्रव सोडतात, तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात अळ्यांच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्या मारल्या तरी अळी आपले काम चालूच ठेवते.

पान एकदा कडक झाले की ही अळी ते खाऊ शकत नाही. म्हणून राखण करायची ती फक्त तीन आठवडे. गाभा फुगू लागला, तपकिरी लोकरीतून पोपटी टोके वर आली, की त्याच दिवशी झाडाभोवती चार काठ्या रोवून मच्छरदाणीचे कापड टाका आणि खाली खोडाशी सुतळीने आवळून बांधा. कापड पालवीला टेकू देऊ नका, नाहीतर मादी बाहेरूनच अंडी घालते आणि कोवळी पानेही वाकडी होतात. टाकण्यापूर्वी भिंग घेऊन अंडी आहेत का ते पाहा. दोन-चार दिवस उशीर झाला तर आत अळ्यांना सुरक्षित घर बांधून दिल्यासारखे होते.

अळ्या पडल्याच असतील तर बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी, अळ्यांना मारणारा जिवाणू) भुकटी लिटरभर पाण्यात १ ते २ ग्रॅम मिसळून फवारा. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात तिचा जोर लवकर संपतो. पर्णिकांच्या आतपर्यंत द्रावण पोचले पाहिजे. हे औषध अळीने खाल्ले तरच चालते आणि लहान अळ्यांवर जास्त चालते, म्हणून पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारा. बागेत दोनच झाडे असतील तर रोज सकाळी ब्रशने अळ्या झाडून काढणे हे सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचे.

उरलेल्या काड्या हिरव्या आहेत तोवर कापू नका, त्या अजून झाडाला अन्न देतात. आणि 'लवकर पुन्हा फुटावे' म्हणून युरियाही देऊ नका. खोडात साठलेल्या पिष्टाच्या जोरावर झाड पुन्हा पालवी काढते, पण असे दोन-तीनदा लागोपाठ झाले की पुढची पाने आखूड येतात.

प्रश्न : नवीन आलेली पाने पिवळी, टोकांना करपलेली आणि चुरगळल्यासारखी आहेत. कुणीतरी सांगितले म्हणून तीन महिने एप्सम सॉल्ट घालतो आहे. पाणी बोअरचे आहे. (सोलापूर)

उत्तर : एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. तुमच्या झाडाला हवे आहे मँगनीज. नावे जवळची, काम वेगळे, आणि हा गोंधळ इतका सर्रास आहे की पिवळ्या सायकसच्या दर दुसऱ्या पत्रात एप्सम सॉल्ट सापडते.

आधी कोणता घेर पिवळा आहे ते पाहावे. सर्वांत खालचा, जुना घेर पिवळा पडत असेल आणि वरचे सगळे हिरवे असेल, तर ते म्हातारपण असू शकते किंवा नत्राची कमतरता. जुन्याच पानांत मधली शीर हिरवी आणि कडेने पिवळा पट्टा दिसला तर मॅग्नेशियम कमी. तिथे एप्सम सॉल्ट खरोखर उपयोगी. पण पिवळेपणा नव्या घेरात असेल, पर्णिका वाकड्या-तिकड्या आणि करपलेल्या असतील, तर मँगनीज. नवी पाने पिवळी पण आकाराने सरळ असतील तर लोहाचा संशय घ्यावा.

सोलापूरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मँगनीज असते, पण सामू (मातीचा पीएच) जास्त असल्याने मुळांना ते घेता येत नाही. वर बोअरचे जड पाणी चुन्यात भरच घालते. अशा मातीत मँगनीज सल्फेट नुसते बुंध्याशी टाकले तर तेही अडकून पडते. म्हणून फवारणी जास्त गुण देते. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट आणि दोन थेंब पातळ साबण मिसळा. नवी पाने उलगडली की पहिली फवारणी आणि नंतर महिन्याच्या अंतराने आणखी दोन. पानांच्या दोन्ही बाजू भिजवा, वेळ सकाळची. शिवाय कुंडीत १०-१५ ग्रॅम शेतीचे गंधक मातीत मिसळले तर सामू हळूहळू उतरतो. त्याला काही महिने लागतात. पावसाचे पाणी साठवता आले तर सायकसच्या वाट्याला ते आधी द्या.

आता पिवळी झालेली पाने परत हिरवी होणार नाहीत. पुढचा घेर बरा येईल तेव्हाच जुनी काढा.

प्रश्न : कुंडी बदलताना मातीच्या अगदी वरच्या थरात पोवळ्यासारख्या गाठी-गाठींची मुळे दिसली, मोडल्यावर आत निळसर हिरवा कडा. सूत्रकृमी आहेत का? मुळे कापून टाकू? (अमरावती)

उत्तर : कापू नका. ही प्रवाळमुळे. यांच्यात नील-हरित जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. मोडल्यावर दिसलेला हिरवा कडा त्यांचाच. सूत्रकृमींच्या गाठी खालच्या, खाद्यमुळांवर येतात आणि त्यांच्यात असा हिरवा पट्टा नसतो. कुंडी बदलून झाल्यावर ही मुळे होती तितक्याच उंचीवर, मातीच्या वरच्या थरात राहू द्या.

प्रश्न : पानांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके पसरले आहेत. धुऊनही जात नाहीत. तीन वेळा औषध मारले. (ठाणे)

उत्तर : ही खवले कीड. औषध बहुधा लागू पडलेही असेल, कारण मेलेले खवलेही पानाला महिनोन्महिने चिकटून राहतात. नखाने खवला उचकटून पाहा. खाली ओलसर पिवळा जीव चिरडला गेला तर कीड जिवंत आहे. कोरडा भुसा निघाला तर मेलेली. वीसेक खवले तपासून मगच पुढची फवारणी ठरवा.

जिवंत असेल तर आधी सर्वांत वाईट खालची पाने कापून पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेली पाने, विशेषतः खालची बाजू आणि देठाची बुंधे, नळीच्या जोरदार पाण्याने धुवा. मग बागायती खनिज तेल १० मिली, किंवा कडुनिंबाचे तेल ५ मिली अधिक पातळ साबण १-२ मिली, प्रति लिटर. ऊन उतरल्यावर, दर ८-१० दिवसांनी, चार वेळा. चारच्या आत थांबू नका. अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या फवारणीला सापडत नाहीत. उलगडत्या पालवीवर तेल मारू नका, डाग पडतात.

एवढे करूनही दोन महिन्यांत कीड परत आली तर ती मुळांवर आणि खोडाच्या खवल्यांच्या फटींत लपली आहे असे समजा. मग इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल अर्धा मिली प्रति लिटर, ओल्या मातीत बुंध्याशी ओता. जवळ फुलझाडे असतील तर हा उपाय टाळा. मधमाश्यांच्या जिवावर बेततो. या किडीला हलके घेऊ नका. थायलंडकडची सायकसवरची एक खवले कीड २००३ मध्ये गुआम बेटावर पोचली आणि काही वर्षांत तिथल्या रानातल्या सायकसची वाताहत झाली. नवे झाड आणले की महिनाभर जुन्यांपासून लांब ठेवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

प्रश्न : मोठ्या सायकसच्या बुंध्याशी आठ-दहा पिल्ले आहेत. गेल्या पावसाळ्यात दोन काढून लावली, दोन्ही कुजली. (कोल्हापूर)

उत्तर : पावसाळा हीच गडबड. ताजी जखम आणि भिजलेली माती, कुजायला आणखी काय हवे? पिल्ले काढायची ती जानेवारीअखेर ते मार्च या काळात, आईला नवी पालवी फुटण्याच्या आधी.

लिंबाएवढी पिल्ले सोडून द्या, त्यांच्यात साठा पुरेसा नसतो. मोठ्या संत्र्याएवढे झाले की घ्या. बुंध्याची माती हाताने मोकळी करून पिल्लू आईला कुठे जोडले आहे ते उघडे करा. जोड सहसा अरुंद असतो. तिथे रुंद छिन्नी टेकवून हातोडीने एक-दोन ठोके द्या, किंवा धारदार करवत वापरा. पहारीने उचकटू नका, आईच्या खोडाचा लचका निघतो. स्वतःची मुळे असलेले पिल्लू निघाले तर अर्धे काम झाले.

मग पिल्लाची सगळी पाने कापा, अगदी हिरवी असली तरी. मुळे नसलेल्या खोडाला पानांचे बाष्पीभवन झेपत नाही. जखमेवर, आणि आईच्या जखमेवरही, कॉपर ऑक्सिक्लोराइडची घट्ट पेस्ट लावा आणि पिल्लू सावलीत, वारा लागेल अशा जागी ८-१० दिवस वाळू द्या. जखम बोटाला खरखरीत लागली पाहिजे. नंतर धुतलेली जाड वाळू आणि पर्लाइट निम्मे-निम्मे. पर्लाइट नसेल तर तीन-चार मिलिमीटरची बारीक खडी. खत अजिबात नाही. गड्डा निम्मा आत, निम्मा वर. एकदा भरपूर पाणी, नंतर वाळूत बोट दोन पेरे घालून कोरडे लागले तरच. जागा सावलीची पण उजेडाची.

मुळे धरायला चार ते आठ महिने, कधी त्याहून जास्त. मध्येच पाने फुटली म्हणून खूष होऊन पाणी वाढवू नका. पाने खोडातल्या साठ्यावर फुटतात, मुळांचा त्याशी संबंध नाही. बहुतेक पिल्ले कुजतात ती नेमकी या टप्प्यावर. पिल्लू दोन बोटांनी हलवून पाहा, ते वाळूत घट्ट रोवलेले लागले तर मुळे आली. त्यानंतर एक पावसाळा छताखाली काढून मग खरी कुंडी.

प्रश्न : मधोमध पानकोबीसारखा लोकरी गोळा आला आहे. शेजाऱ्यांच्या झाडाला उंच कणीस आले आहे. बी धरेल का? त्यासाठी काय करावे? (सातारा)

उत्तर : तुमचे झाड मादी, शेजाऱ्यांचे नर. सायकसमध्ये नर-मादी झाडे वेगळी असतात आणि पहिले कणीस येईपर्यंत कुणालाही ती ओळखता येत नाहीत. 'मादी झाड आहे' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या नर्सरीवाल्याला आधी कणसाचा फोटो मागा. पिल्ले मात्र नेहमी आईच्या लिंगाचीच निघतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकसच्या नात्यातल्या जातीचे एकच झाड १८९५ मध्ये रानात सापडले, तेही नर. आज जगभरच्या बागांत असलेली त्याची सगळी झाडे त्याच एका नराची पिल्ले आहेत आणि मादी अजून सापडलेली नाही. तुमचे त्यामानाने भाग्य मोठे, नर कुंपणापलीकडेच आहे.

आपल्याकडच्या बागेत परागीकरण हातानेच करावे. नराचे कणीस पूर्ण लांब होते, त्याचे खवले एकमेकांपासून सुटू लागतात आणि टिचकी मारल्यावर पिवळी भुकटी उडते, तेव्हा ते कापून आणा. घरात वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस आडवे ठेवा. वास उग्र असतो, बैठकीच्या खोलीत ठेवू नका. पडलेली भुकटी चहाच्या गाळणीने गाळा, सावलीत एक दिवस वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा. अशी काही आठवडे टिकते. ओली राहिली तर दोन दिवसांत बुरशी.

मादीचा गोळा आधी घट्ट असतो. मग तो सैल होतो, लोकरी पात्यांमध्ये फटी पडतात आणि त्यांतून पात्यांच्या कडेला वाटाण्याएवढी बीजांडे दिसतात. हाच मुहूर्त, साधारण आठवडा-दहा दिवसांचा. सकाळी दव वाळल्यावर कोरडी भुकटी रबरी फुग्याच्या पिचकारीने किंवा मऊ ब्रशने सगळ्या फटींत चौफेर उडवा. एक दिवसाआड तीन वेळा. पाण्यात कालवून ओतण्याची पद्धतही काहीजण वापरतात, पण आपल्या दमट हवेत गाभ्यात पाणी साचून गोळा कुजतो. मध्येच पाऊस आला तर वर छत्री बांधा. काम झाले की गोळा पुन्हा घट्ट मिटतो.

बिया हिवाळ्यात शेंदरी-लाल होतात. त्यांवर जाऊ नका. परागीकरण न होताही सायकसची बीजांडे फुगतात, लाल होतात आणि आतून पोकळ निघतात. हातमोजे घालून बिया पाच-सहा दिवस पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, मग शेंदरी गर खरवडून काढा. गर राहिला तर उगवण अडते. तरंगणाऱ्या बिया बहुतेक पोकळ. बुडालेल्या सगळ्या उगवतीलच असेही नाही. (समुद्रकाठच्या सायकस रुम्फीला ही परीक्षा लावू नका, तिच्या बीत स्पंजासारखा थर असतो, चांगली बीही तरंगते.) स्वच्छ बिया दोन-तीन महिने सावलीत कोरड्या वाळूत ठेवा, कारण पडल्यावेळी आतला गर्भ पुरता वाढलेला नसतो. मग ओलसर वाळूत बी आडवे, निम्मे उघडे ठेवून लावा. उबेत तीन ते नऊ महिन्यांत उगवतात. आधी सोटमूळ उतरते, पान बरेच नंतर. 'अजून काही नाही' म्हणून उकरून पाहिले की मूळ मोडते. पिशवी किमान २० सेंटिमीटर खोल घ्या.

गोळा धरलेल्या वर्षी मादीला नवी पाने कमी येतील किंवा येणारच नाहीत. ती आजारी नाही.

प्रश्न : आमच्या कुत्र्याने पडलेली लाल बी चघळली. आता तरी ठीक दिसतो आहे. झाड काढून टाकावे का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : हे पत्र आले त्याच दिवशी तुम्हाला फोनवर कळवले होते, इतर वाचकांसाठी पुन्हा. लक्षणांची वाट पाहू नये. बीचा तुकडा सोबत घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे. सायकसच्या सगळ्या भागांत सायकसिन हे विष असते, बियांत सर्वांत जास्त. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आधी उलट्या आणि लाळ, मग मध्ये बरे वाटल्याचा भास आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊन हिरड्या पिवळ्या पडतात. तोवर उशीर झालेला असतो.

झाड काढायची गरज नाही. मादीचा गोळा परागीकरणासाठी नको असेल तर बिया लाल होण्याआधीच कापून टाका. पिल्लू कुत्रे किंवा रांगते मूल घरात असेल तर सायकस कुंपणापलीकडे न्या. पर्णिकांची टोके सुईसारखी असतात आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, हेही लक्षात असू द्या.

याच विषयावर जळगावहून एक प्रश्न आहे : इंग्रजीत याला सागो पाम म्हणतात, तर घरी साबुदाणा करता येईल का? नाही. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो, बराचसा तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो. सायकसच्या खोडाला हात लावू नका.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी फूटभर व्यासाचा, पाने नसलेला गड्डा नर्सरीतून महाग घेतला. अजून एक पान नाही. (रत्नागिरी)

उत्तर : असे गड्डे जमिनीतून उपटून, मुळे आणि पाने छाटून ट्रकने येतात. मुळे नव्याने धरेपर्यंत वर्ष-दीड वर्ष गप्प बसणे त्यांना नवीन नाही. म्हणून आमचे मत असे की फूटभराच्या गड्ड्याच्या किमतीत मुळांसह वाढलेली चार छोटी झाडे घ्यावीत. पण घेतलाच आहे, तर आता तपासा.

अंगठ्याने खोड खालपासून वरपर्यंत दाबा. सगळीकडे दगडासारखे असेल तर वाट पाहा. कुठे दबले किंवा आंबूस वास आला तर उपटून काढा आणि मऊ भाग चाकूने कोरत जा, जोवर आत पांढरा स्वच्छ पिष्टमय गर लागत नाही तोवर. तपकिरी रेघ एक जरी राहिली तरी कूज पुन्हा चढते. मग कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट आणि दोन आठवडे छताखाली वाळवण. गाभाच मऊ असेल तर आशा सोडा.

तुमच्याकडचा पाऊस पाहता खड्डा खणून लावणे चूक. जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे आणि माती यांचा फूटभर उंच ढिगारा करा आणि गड्डा त्यावर, तळ जेमतेम झाकेल इतकाच बसवा. जून ते सप्टेंबर वर प्लास्टिकचे छप्पर, बाजू मोकळ्या. तुमची माती आम्लधर्मी असल्याने सोलापूरकरांची मँगनीजची तक्रार तुम्हाला सहसा येणार नाही.

प्रश्न : बाल्कनीसाठी कुंडी केवढी, माती कशी? हॉलमध्ये ठेवता येईल का? (मुलुंड)

उत्तर : गड्ड्याच्या चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर जागा राहील एवढीच कुंडी, मोठ्या कुंडीत माती ओली राहते. तीन भाग जाड वाळू किंवा पाच-सहा मिलिमीटरची खडी, दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. हल्ली वाळू म्हणून मिळते ती क्रश सँड. तिच्यातली दगडाची पूड धुऊन काढा, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. रोप कोकोपीटच्या गोळ्यात आले असेल तर तो गोळा हलक्या हाताने काढा. ओतलेले पाणी मिनिटभरात तळातून वाहायला हवे. मार्च, जून आणि सप्टेंबरमध्ये मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरते.

हॉलमध्ये नको. पालवी अंधारात उलगडली तर पाने लांबट, लोळणारी होतात आणि तशीच राहतात. पालवी उलगडत असताना कुंडी हलवूही नका. कुंडीत किती वर्षे राहील याची काळजी सोडा. लंडनच्या क्यू बागेत फ्रान्सिस मॅसन यांनी १७७५ मध्ये आणलेला आफ्रिकी एन्सेफॅलार्टोस अजून कुंडीतच आहे.

प्रश्न : सायकसचा संग्रह करायचा आहे. कोणत्या जाती घ्याव्यात? झीझी प्लांट यातच येतो का? (बंगळुरू)

उत्तर : झीझी नाही, तो अळूच्या कुळातला. सुरुवात नेहमीच्या जपानी सायकस रेव्होल्युटाने करा. पर्णिकेची कड खाली मुडपलेली बोटाला लागते ती खूण. दुसरा झामिया फर्फुरेसिया, म्हणजे कार्डबोर्ड पाम. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा असल्याने खारा वारा सोसतो, अर्धसावलीही चालते. तिसरा मेक्सिकोचाच डायून एडुले : फार हळू वाढणारा, पण कोरडी हवा आणि हलगर्जी दोन्ही सहन करणारा.

आपल्या पश्चिम घाटातला सायकस सर्सिनॅलिस, काही ठिकाणी मलबारी सुपारी म्हणतात तो, दिसायला या सगळ्यांहून देखणा. पाने लांब, मऊ, चपट्या पर्णिकांची. तो रानात धोक्यात आहे, आणि सजावटीसाठी पाने आणि औषधासाठी कणसे तोडण्याचा त्यात मोठा वाटा आहे. बियांपासून वाढवलेले रोप मिळाले तरच घ्या. खोडावर कुदळीच्या जुन्या जखमा, वेडीवाकडी तुटकी मुळे, अंगाला दगडी माती दिसली तर ते रानातून उपटलेले आहे, विक्रेता काहीही सांगो. तिरुपतीच्या डोंगरातला सायकस बेडोमी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. परदेशी एन्सेफॅलार्टोस आणि सेराटोझामिया सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात येतात. कागदपत्रांशिवाय कुणी स्वस्तात देत असेल तर ते स्वस्त का आहे हे उघड आहे.

संग्रहाची किंमत नोंदीत असते. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून जात, कुठून घेतले, बी की पिल्लू आणि वर्ष लिहा. प्लास्टिकच्या पाटीवरची शाई एका उन्हाळ्यात उडते. दोन जातींच्या सायकसला एकाच वेळी कणसे आली तर संकर सहज होतो, त्या बियांना आईच्या जातीचे नाव लावून वाटू नका.

प्रश्न : पुण्याच्या घरच्या सायकसचे पिल्लू सामानातून इकडे आणता येईल का? (न्यू जर्सी)

उत्तर : सायटीसचा निर्यात परवाना, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि तिकडच्या आयातीच्या अटी, एवढे सगळे जमवल्याशिवाय नाही. विमानतळावर जप्त होईल आणि दंड वेगळा. तीच जात तिकडे सहज मिळते, तिथूनच घ्या. उणे सात-आठ अंशांखाली पाने जळतात, म्हणून कुंडीतच ठेवा आणि कडक थंडी सुरू होण्याआधी आत, दक्षिणेच्या खिडकीशी घ्या. हिवाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरे. वसंतात बाहेर काढल्यावर पहिले दोन आठवडे सावलीत ठेवा. थेट उन्हात काढलेली पाने दोन दिवसांत पांढरी पडतात.